तळापासून वर

अण्णांच्या पायाला जखम झाली आहे हे आम्हाला आधी नाकाने कळलं. दोन दिवस घरात कुठेतरी कुबट, गोडसर वास येत होता. मी मोरी घासून धुतली, कचऱ्याचा डबा उन्हात ठेवला, कपाटामागे काही मरून पडलंय का तेही वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी अण्णा खुर्चीत बसून मोजा काढत होते आणि तो निघेना. तळव्याला चिकटला होता. मी पाण्याने भिजवून सोडवला, तेव्हा उजव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, तळव्याच्या अंगाला, नखाएवढं भोक दिसलं. भोवतालची कातडी लालबुंद, सूज पावलाच्या मध्यापर्यंत चढलेली. बोटाने हलकं दाबलं तर भोकातून पू आला.

"दुखत नव्हतं का हो अण्णा?"

"नाही गं. काहीच नाही."

खरंच नव्हतं दुखत. २३ वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळव्यांची जाणीव केव्हाच पुसून टाकली होती. बुटाच्या तळाशी रुतलेला एक बारीक स्क्रू आम्हाला नंतर सापडला. दुखलं असतं तर पहिल्याच पावलाला त्यांनी बूट काढून झटकला असता. त्या स्क्रूवर ते किती दिवस चालले असतील, याचा हिशेब मी अजूनही मनात मांडते आणि तो सुटत नाही.

सर्जननी जखम नुसती पाहिली नाही. एक बोथट, पातळ सळई घेऊन त्यांनी ती भोकात अलगद सरकवली. ती आत जातच राहिली. मग थांबली, आणि त्यांनी मान वर करून सहकाऱ्याला सांगितलं, "हाड लागतंय." या दोन शब्दांत काय काय आलं ते मला नंतर समजलं. सळई थेट हाडाला टेकली की हाडापर्यंत जंतू पोचल्याची शक्यता मोठी. एक्स-रे झाला, घोट्यापाशी डॉपलर लावून पायात रक्त नीट उतरतंय का ते ऐकलं गेलं. रक्त पोचत होतं. त्या दिवसातली ती एकच चांगली बातमी होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं.

त्याच रात्री ऑपरेशन झालं. करंगळी गेली, तिच्या मुळाच्या हाडाचा टोकाचा भागही गेला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मी हट्टाने तिथे उभी राहिले. वरचं भोक नखाएवढं होतं. आतली पोकळी सात सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद निघाली होती. पावलाची एक बाजू उघड्या पेटीसारखी दिसत होती. आत पिवळट, राखाडी, कुठे काळपट. मी एवढंच विचारू शकले, "टाके कधी घालणार?"

"घालणार नाही," सर्जन म्हणाले. "वरून शिवलं तर घाण आतच कोंडली जाईल. ही जखम तळापासून भरत वर आली पाहिजे."

त्या वाक्याने मला पुढचे दोन महिने धरून ठेवलं. आपल्या हाताला जखम म्हटलं की झाकायची, बांधायची, शिवायची सवय. खपली धरली की सुटलो असं वाटतं. चिघळलेल्या जखमेत मात्र वरची कातडी लवकर मिटणं हाच धोका असतो. वरून बरी दिसते आणि आत पू साचत जातो. लासूर म्हणतात ते असंच होतं: तोंड लहान, पोट मोठं.

हे काही आजचं शहाणपण नाही. सुश्रुतसंहितेत व्रणावरचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितले आहेत. त्यांत शोधन आहे आणि रोपणही आहे. दुष्ट व्रण आधी शुद्ध करायचा, मग तो भरून आणायचा. जंतू कोणी पाहिले नव्हते, तरी जखमेकडे बघत बघत माणसं या क्रमापर्यंत पोचली होती. अण्णांच्या खाटेशी बसून मी हे वाचलं तेव्हा मला फार आधार वाटला. सर्जन जे करत होते ते क्रूर वाटत होतं. त्याला इतकं जुनं नाव आहे हे कळल्यावर ते सोसवत नसलं तरी, थोडं का होईना, समजू लागलं.

कारण शोधन एकदाच झालं नाही. तीनदा झालं. दर दोन-तीन दिवसांनी अण्णांना आत नेत आणि मेलेलं मांस कापून काढत, जिथून ताजं रक्त झिरपेल तिथपर्यंत. याचं कारण एका निवासी डॉक्टरांनी मला समजावलं. जंतू जखमेत सुटेसुटे राहत नाहीत. स्वतःभोवती चिकट थर विणून त्यात वस्ती करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक त्या थरात पुरेसं शिरत नाही, आणि मेलेल्या मांसात तर रक्तच नसतं, मग औषध पोचणार कसं? तो थर खरवडून काढला तरी दोन-तीन दिवसांत पुन्हा बसू लागतो. म्हणून पुन्हा साफ करायचं. जखमेत कोणते जंतू आहेत ते सांगणारा कल्चरचा रिपोर्ट आला तसं औषध बदललं. साखर ताब्यात आणण्यासाठी दिवसातून अनेकदा बोटाला सुई. उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही, एकदाही नाही.

घरच्यांना या काळात एकाच गोष्टीची ओढ लागली होती. कोणाच्या तरी ओळखीत कोणाला तरी ते हवा ओढणारं मशीन लावलं होतं आणि जखम महिन्यात भरली होती. जो भेटायला येई तो विचारी, "ते व्हॅक का लावत नाहीत?" मीही दुसऱ्या शोधनानंतर विचारलं. सर्जन म्हणाले, "अजून काळं आहे आत. त्यावर फोम ठेवून सील केलं तर आपणच कुजणारं मांस डब्यात बंद करून ठेवल्यासारखं होईल." मला त्या क्षणी राग आला होता. आज वाटतं, त्या माणसाने आमच्या घाईपुढे मान तुकवली नाही, हेच अण्णांच्या पायावरचे सगळ्यात मोठे उपकार.

तिसऱ्या शोधनानंतर, दहाव्या दिवशी, मशीन आलं.

मी ते लावताना पाहिलं आणि नंतर पुष्कळदा पाहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. फोम काळा असतो, पॉलियुरेथेनचा, उघड्या छिद्रांचा. एकेक छिद्र साधारण ४०० ते ६०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सिस्टर तो जखमेच्या आकाराचा कापत, पण जखमेवर धरून कधीच नाही. बाजूला जाऊन कापायचा आणि कडा चोळून सुटे कण झटकून टाकायचे, नाहीतर ते जखमेत पडून राहतात. फोम कोंबायचा नाही, अलगद बसवायचा, सगळ्या कोपऱ्यांना टेकेल असा. किती तुकडे घातले ते मोजायचं आणि वरच्या फिल्मवर पेनने लिहायचं. पहिल्या दिवशी सिस्टरनी लिहिलं: "२ तुकडे", खाली तारीख. "पुढच्या वेळी जो कोणी सोडेल त्याला दोन मिळालेच पाहिजेत," त्या म्हणाल्या. "एक आत राहिला तर मांस त्याच्यावर वाढतं आणि तिथेच पुन्हा पू धरतो."

मग भोवतालची कातडी कोरडी करून त्यावर संरक्षक थर, आणि सगळ्यावर पारदर्शक चिकट फिल्म. पावलावर हे फार जिकिरीचं असतं. बोटांच्या बेचक्यात फिल्म बसत नाही, सुरकुती राहते, सुरकुतीतून हवा शिरते. फिल्मला नाण्याएवढं भोक पाडून नळीची चकती चिकटवायची; पण तळव्यावर चकती ठेवली तर तीच टोचून नवी जखम व्हायची, म्हणून फोमची एक पट्टी पूल बांधावा तशी पावलाच्या वरच्या अंगाला नेऊन चकती तिथे लावली. नळी डब्याला, डबा पंपाला. सिस्टरनी बटण दाबलं. फुगलेला काळा फोम दोन-तीन सेकंदांत आक्रसला, टणक झाला, जणू कोणी आतून मूठ आवळली. बारीक शिट्टी वाजत होती; बेचक्यात अजून एक फिल्मचा तुकडा दाबल्यावर ती थांबली. पंपाच्या पडद्यावर आकडा स्थिरावला: १२५.

हा १२५ म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, आणि तो उणे आहे. भोवतालच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला ७६० असतो. फोमच्या आत तो त्याहून १२५ने कमी केलेला. रात्री झोप येत नसे तेव्हा मी त्या आकड्याकडे बघत याचा विचार करत बसायची. आपण म्हणतो मशीन ओढतं. खरं तर पोकळी काहीच ओढत नाही. आतली हवा काढून घेतली की बाहेरचं सगळं वातावरण त्या फिल्मवर रेलतं आणि जखमेच्या कडा एकमेकींकडे ढकलतं. आपल्या सगळ्यांच्या अंगावर जन्मभर असलेलं, कधी न जाणवलेलं ओझं कामाला लावायचं, एवढीच युक्ती. फोमखालच्या मांसातला दाब मोजला तेव्हा तो उतरलेला नव्हता, उलट वाढलेला होता, असं पुढे संशोधकांना आढळलं. म्हणूनच ज्या पायात रक्त आधीच जेमतेम पोचतं तिथे हे मशीन, विशेषतः पायाभोवती गोल गुंडाळून, लावताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. त्या पहिल्या दिवशीच्या डॉपलरचं मोल मला इथे कळलं.

दाबाने आणखी पुष्कळ काही घडतं. साचलेला स्राव निघून जातो. सूज उतरते, आणि सुजेमुळे दबलेल्या बारीक रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. फोमच्या छिद्राछिद्रांत जखमेचा पृष्ठभाग किंचित वर खेचला जातो, सूक्ष्म टेकड्या उठाव्यात तसा. पेशींना हा ताण कळतो. ताणलेली पेशी विभागू लागते, नव्या केशवाहिन्या फुटतात. आणि हे सगळं बंद, ओलसर वातावरणात. जखम उघडी ठेवून वाळवली की लवकर बरी होते हा समज फार जुना. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ओलसर राखलेल्या जखमेवर कातडी कोरड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने येते. आजही कितीतरी घरांत जखमेला "वारं लागू दे" म्हणतात. मीही म्हणत असे.

जखमेवर पोकळी वापरण्याची कल्पना अनेकांच्या हातून आकाराला आली. जर्मनीत फ्लाइशमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली उघड्या अस्थिभंगांवर फोम ठेवून, सील करून, सक्शन लावल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याआधी १९८९ साली अमेरिकेत चॅरिकर, जेटर आणि सहकाऱ्यांनी साध्या गॉझवर हेच केलं होतं. पण आज जे मशीन आपण ओळखतो ते अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या लुइस अर्जेंटा आणि मायकेल मोरिक्वास यांच्या कामातून आलं. १९९७ साली त्यांचे निबंध आले. डुकरांच्या जखमांवर त्यांनी वेगवेगळे दाब लावून पाहिले. १२५ला भोवतालचा रक्तप्रवाह चौपट झाला, आणि दाब ४००पर्यंत नेला तर तो मंदावला. जास्त ओढलं म्हणजे जास्त फायदा असं नव्हतं. नवं दाणेदार मांस सलग दाबाखाली ६३ टक्क्यांनी अधिक आलं, आणि पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं केलं तर १०३ टक्क्यांनी. तरीही पुष्कळ रुग्णांना दाब सलगच दिला जातो, कारण दर सात मिनिटांनी जखम आवळली-सोडली गेली की दुखतं आणि सीलही लवकर सुटतं. अण्णांना सलगच होता. डुकराच्या पाठीवर जे उत्तम ठरलं ते माणसाला रात्रभर सोसता आलं पाहिजे, हा विचार मला महत्त्वाचा वाटतो.

आता जंतूंचं. हे मी जरा थांबून लिहिते, कारण आमच्या घरात सगळ्यात मोठा गैरसमज याचाच होता. काका रोज डब्यात जमलेला लालसर-पिवळा द्रव बघून म्हणत, "बघ, जंतू ओढून काढतंय." मलाही तसंच वाटे. १९९७च्या प्रयोगात डुकरांच्या मुद्दाम जंतू घातलेल्या जखमांत चौथ्या-पाचव्या दिवशी जंतूंची संख्या उतरली होतीही. पण २००४ साली नेदरलँड्समध्ये ५४ रुग्णांवर नीट तुलना करून पाहिली, तेव्हा एकूण संख्येत लक्षणीय फरक सापडला नाही. काही जातींचे जंतू कमी झाले, स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र वाढला. आणि तरीही जखमा भरत होत्या! म्हणजे मशीन जंतू मारत नाही. ते साचू देत नाही, ओल काढून घेतं, रक्ताला वाट करून देतं. मारण्याचं काम अँटिबायोटिक आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी करतात, आणि त्यांच्यासाठी रान साफ करण्याचं काम सर्जनच्या हातातल्या ब्लेडचं. हा क्रम उलटा झाला, मशीन लागलं म्हणून साफसफाई लांबली, तर तेच मशीन एका सडणाऱ्या जखमेवरचं घट्ट झाकण होतं. मी हे इतकं ठासून लिहिते आहे कारण आम्ही स्वतः त्या झाकणासाठी हट्ट धरला होता.

जंतू जास्तच चिवट असतील तिथे आता मशीनमधूनच जखमेत द्रव सोडतात. सलाइन किंवा सौम्य जंतुनाशक आत भरायचं, काही मिनिटं, बहुधा दहा, भिजू द्यायचं आणि मग काही तास पुन्हा पोकळी. ही रीत पाहिली की पहिल्या महायुद्धातली आठवण निघतेच: अलेक्सिस कॅरेल आणि हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या दूषित जखमांत रबरी नळ्या बसवून ठरावीक अंतराने सौम्य हायपोक्लोराइट हे जंतुनाशक सोडायला सुरुवात केली होती. डेकिनचं द्रावण आजही वापरात आहे. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर पोट उघडं ठेवलेला एक तरुण होता; त्याच्या मशीनला वर एक सलाइनची बाटली टांगलेली असे. तो आणि अण्णा एकमेकांच्या पंपांचे आवाज ओळखू लागले होते. "तुमचं भरतंय की काढतंय आत्ता?" असं अण्णा त्याला अंधारात विचारत.

ड्रेसिंग दर ४८ ते ७२ तासांनी बदलायचं असा नेम. जंतुसंसर्ग असला की त्याहून लवकर. आमचं सुरुवातीला दिवसाआड होतं. तो दिवस आला की अण्णा सकाळपासून गप्प. तळवा बधिर होता, पण जखमेची वरची कड बधिर नव्हती, आणि नवं मांस फोमच्या छिद्रांत शिरून त्याला घट्ट धरून बसे. बरं होण्याचीच ती खूण, आणि तीच सोडवताना जीव जाई. आधी वेदनाशामक द्यायचं, पंप बंद करायचा, नळीतून सलाइन फोममध्ये सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. सिस्टर हे थांबणं कधी टाळत नसत. एकदा दुसरंच कोणीतरी आलं, घाईत होतं, फोम कोरडाच ओढला. अण्णांच्या तोंडून आवाज निघाला नाही. त्यांनी फक्त माझं मनगट धरलं, आणि ते बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. जखमेतून रक्त ठिबकत होतं. दोन दिवसांत उगवलेलं मांस त्या फोमबरोबर निघून आलं होतं.

पण तिसऱ्या-चौथ्या बदलाला मी पहिल्यांदा तळ पाहिला. जिथे राखाडी होतं तिथे लाल, ओलं, दाणेदार काहीतरी पसरलं होतं. "मांस धरलं," सिस्टर म्हणाल्या. हाडाच्या कापलेल्या कडेला जो पांढरा ठिपका मला रात्री डोळ्यांपुढे दिसायचा, तो झाकला गेला होता. सर्जननी हातमोज्याच्या बोटाने त्यावर हलकेच टेकवून पाहिलं, लगेच बारीक रक्त आलं, आणि ते हसले. पू तपासणारा माणूस रक्त पाहून हसतो, हे मी तिथे शिकले.

तीन आठवड्यांनी आम्ही छोटा, खांद्याला अडकवायचा पंप घेऊन घरी आलो. आठवड्यातून तीनदा सिस्टर घरी येऊन ड्रेसिंग बदलणार. निघताना मला एक कागद मिळाला आणि तोंडी तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. डब्यात अचानक ताजं लाल रक्त दिसलं तर मशीन ताबडतोब बंद, जखमेवर दाब, आणि लगेच फोन. दिवसभरात मिळून दोन तासांपेक्षा जास्त मशीन बंद राहिलं तर फोम काढून साधं ओलं ड्रेसिंग करायचं. ताप, वाढती लाली, वास यांतलं काहीही आलं तर बदलाच्या दिवसाची वाट पाहायची नाही.

या सूचना औपचारिक नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली इशारा दिला होता: दोन वर्षांत या उपचाराशी संबंधित ६ मृत्यू आणि ७७ इजा. २०११ साली आणखी ६ मृत्यूंची भर पडली. सगळ्यात घातक होता तो रक्तस्राव, आणि बरेचसे प्रसंग घरी किंवा शुश्रूषा केंद्रांत घडलेले. आत राहून गेलेले फोमचे तुकडे, वाढलेला संसर्ग हेही त्यात होतं. उघडी रक्तवाहिनी, उघडं आतडं, जखमेतला कर्करोग, उपचार न झालेला हाडाचा संसर्ग, काळं मेलेलं मांस: इथे हा फोम ठेवायचा नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर फार जपून. अण्णांना तशी एक गोळी चालू होती. मी रात्री दोनदा गजर लावून उठायची, टॉर्च डब्यावर धरायची, आणि रंग फिकट दिसला की पुन्हा आडवी व्हायची.

तरीही चुकले. घरी आल्यावर नवव्या रात्री मी दमून गजर न ऐकता झोपले. पंपाची बॅटरी संपत आली होती, चार्जरची वायर निसटली होती. पंपाने सूचना दिली असणार. अण्णांनी मला उठवायला नको म्हणून बटण दाबून तो बंद केला. पहाटे मी पाहिलं तेव्हा फोम फुगलेला होता, आणि फिल्मखाली गढूळ पाणी हलत होतं. किती तास झाले विचारलं तर म्हणाले, "झाले असतील पाच. तू फार दमली होतीस." तो वास पुन्हा आला होता, मंद, पण तोच. सकाळी सिस्टर येईपर्यंत मी स्वतः फोम काढला, दोन तुकडे मोजले, दोन्ही मिळाले, सलाइनने धुऊन ओलं ड्रेसिंग केलं. ते करताना हात थरथरत होते. त्या लाल मांसावर एका जागी पिवळी साय धरली होती. सर्जनकडे जाऊन ती खरवडावी लागली आणि आम्ही चार दिवस मागे गेलो. चारच. पोकळी थांबली की तो फोम जंतूंसाठी ओलं, उबदार घर होतो. कागदावरचा दोन तासांचा नियम मला त्या पहाटे समजला.

हे सगळं मशीनमुळे झालं का? मला हा प्रश्न प्रामाणिकपणे पडतो. २००५ साली अमेरिकेत आर्मस्ट्राँग आणि लॅव्हरी यांनी अण्णांसारख्याच, मधुमेहात पावलाचा भाग कापावा लागलेल्या १६२ रुग्णांवर तुलना केली होती. १६ आठवड्यांत मशीनवाल्यांपैकी ५६ टक्क्यांच्या जखमा भरल्या, इतरांपैकी ३९ टक्क्यांच्या. पण २०२० साली जर्मनीतून ३६८ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात मधुमेही पावलांच्या जखमा मिटण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. उघड्या अस्थिभंगाच्या ४६० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या तुलनेतही, २०१८ साली, वर्षभरानंतरच्या अपंगत्वात काही फरक नव्हता. मी डॉक्टर नाही, या आकड्यांचा निवाडा करू शकत नाही. मला आमच्यापुरतं एवढं दिसलं की मशीन होतं म्हणून दर तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाणकार माणूस ती जखम उघडून, वाकून, लक्ष देऊन पाहत होता. त्या पाहण्याचा वाटा किती आणि पंपाचा किती, हे मला वेगळं करता येत नाही, आणि करावंसंही वाटत नाही.

मशीन एकूण ३८ दिवस होतं. त्यानंतर जखम कातडीच्या पातळीला आली, आणि मांडीची पातळ कातडी काढून तिथे बसवली. त्यावरही पाच दिवस फोम आणि पोकळी. आता काही ओढून काढण्यासाठी नाही, नवी कातडी खालच्या मांसाला धरून ठेवण्यासाठी, तिच्याखाली पाणी साचू नये म्हणून. ती धरली. सर्जननी बजावलं की भरलेल्या जखमेची ताकद मूळ कातडीच्या फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत येते, तीही कित्येक महिन्यांनी. तिथे पुन्हा फुटू शकतं. खास बूट आला, आत मऊ गादी असलेला. घालण्याआधी उलटा करून झटकायचा.

सिस्टर दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनने तिची कड गिरवत असत, मोजमापासाठी. अण्णांनी ते सगळे कागद मागून घेतले. नऊ आहेत. एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले की एखादं तळं उन्हाळ्यात आटत जावं तशा एकात एक रेषा दिसतात, प्रत्येकीवर तारीख. पाचव्या कागदावरची रेषा चौथीच्या जरा बाहेर गेलेली आहे. ती त्या रात्रीची. अण्णा तिच्यावर बोट ठेवत नाहीत, मीही ठेवत नाही.

आता रोज रात्री झोपण्याआधी ते खुर्चीत बसतात, मी समोर जमिनीवर. टॉर्च, लहान आरसा. आधी उजवा तळवा, मग डावा, मग बोटांच्या बेचक्या. परवा डाव्या टाचेला केसाएवढी भेग दिसली. वास घेऊन पाहिला, दाबून पाहिलं, काही नव्हतं. मी पेन घेतलं, भेगेभोवती गोल काढला आणि बाजूला तारीख लिहिली.

"काय आहे गं?" अण्णांनी विचारलं.

"भेग आहे. सकाळी दाखवून येऊ."

"सकाळी किती वाजता?" ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.